नव्या घरांची विक्री : एक जबाबदारीचा व्यवसाय



शिक्षण पूर्ण होत आले की आपल्या घरांतून मुलांना आजही दोनच वाटा दाखविल्या जातात. एक सरकारी कार्यालयाची आणि दुसरी कंपनीची. पैकी पहिल्या वाटेवर जागा थोड्या आणि उमेदवार हजारो, अशी स्थिती आहे. दुसऱ्या वाटेवर कायम नोकरीची जागा कंत्राटी नोकरीने घेतली आहे. अशा वेळी आपल्याच गावात, आपल्या डोळ्यांसमोर वाढलेल्या एका व्यवसायाकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. तो व्यवसाय म्हणजे नव्याने बांधलेल्या घरांची विक्री. "दलाली" या एका शब्दात आपण त्याला निकालात काढतो. ही समजूत कितपत बरोबर आहे, या कामाला आज कोणती शिस्त आली आहे आणि आपल्या मुला-मुलींना त्यात कसे उभे राहता येईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. मी बँकेत कारकून आहे. घरकर्जाच्या फायली रोज हाताखालून जातात. त्यामुळे घर विकले जाण्याची ही बाजू जवळून पाहावयास मिळते.

सातपूर आणि घराचा प्रश्न

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि त्यानंतर सातपूरचे रूप पालटले. मायको (आजची बॉश), महिंद्रा, सिएट अशा कारखान्यांमुळे खेड्यापाड्यांतून माणसे येथे आली. कामगाराला प्रथम काम मिळाले आणि घर मागाहून. सुरुवातीला भाड्याची खोली, नंतर गृहनिर्माण मंडळाच्या म्हणजे पुढील काळातील म्हाडाच्या वसाहतीतील घर, काहींना सिडकोने नवीन नाशिकमध्ये सहा योजनांतून उभारलेले घर, असा हा प्रवास होता. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली व सातपूर तिचा भाग झाले.

त्या काळी घर "विकणारा" माणूस असा फारसा नव्हताच. जाहिरात निघे, अर्ज भरावयाचा, नंबर लागला तर हप्ते फेडावयाचे. पुढे खाजगी बांधकाम व्यावसायिक आले. अशोकनगर, शिवाजीनगर, ध्रुवनगर, पिंपळगाव बहुला, गंगापूर शिवार, पाथर्डी फाटा येथे इमारती उभ्या राहिल्या. आता घर घेणाऱ्यासमोर एक माणूस बसू लागला. तो नकाशा दाखवितो, भाव सांगतो, कर्जाचे बोलतो. कामगाराच्या आयुष्यातील सर्वांत मोठा खर्च या माणसाच्या शब्दावर ठरू लागला. म्हणूनच हा माणूस कोण आहे आणि तो किती शिकलेला व किती सचोटीचा आहे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

या कामाचे स्वरूप

नव्या घरांच्या विक्रीत दोन प्रकारे काम करता येते. पहिला प्रकार म्हणजे बांधकाम व्यावसायिकाच्या विक्री कार्यालयातील नोकरी. तेथे सुरुवात बहुधा फोनवर चौकशी घेण्यापासून किंवा साइटवर येणाऱ्यांना नमुना सदनिका दाखविण्यापासून होते. पुढे विक्री प्रतिनिधी, मग विक्री व्यवस्थापक अशा पायऱ्या असतात. विक्रीनंतरचे काम पाहणारा वेगळा विभागही असतो. करारनामा, बँकेचे हप्ते, ताबा ही कामे तो पाहतो. टापटीप, हिशेबी आणि शांत स्वभावाच्या मुलींनी या विभागाचा अवश्य विचार करावा. येथे ठराविक पगार असतो आणि विक्रीवर काही रक्कम वरून मिळते.

दुसरा प्रकार स्वतंत्र एजंटाचा. तो अनेक प्रकल्पांतील घरे दाखवितो व व्यवहार झाल्यावर मोबदला घेतो. हा मोबदला कायद्याने ठरविलेला नाही. साधारणतः किमतीच्या एक ते दोन टक्के अशी पद्धत आहे. तीस लाखांच्या सदनिकेवर एक टक्का म्हणजे तीस हजार रुपये. आकडा ऐकावयास बरा वाटतो. परंतु तो बहुधा करारनाम्याची नोंदणी होऊन बांधकाम व्यावसायिकाकडे पैसे आल्यावरच हाती येतो. शिवाय दोन-तीन महिने एकही व्यवहार होत नाही, असेही घडते. तेव्हा सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असल्याशिवाय थेट स्वतंत्र व्यवसायात उडी घेऊ नये. आधी दोन-तीन वर्षे नोकरी करून काम शिकावे आणि मग स्वतःचे नाव लावावे, हा क्रम सुरक्षित होय.

कायद्याने आणलेली शिस्त

पूर्वी या धंद्यात शिरण्यास ना परवाना लागे, ना परीक्षा. सन २०१६ च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियमाने, म्हणजे "रेरा" कायद्याने, ही स्थिती बदलली. हा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे अंमलात आला आणि महाराष्ट्रात "महारेरा" हे प्राधिकरण काम करू लागले.

या कायद्यातील पुढील गोष्टी विक्रीच्या कामात पडणाऱ्याने पाठच केल्या पाहिजेत.

१) जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सदनिका आठपेक्षा अधिक नसतील, असे लहान प्रकल्प सोडले तर इतर प्रकल्पांना महारेराची नोंदणी लागते. नोंदणीशिवाय त्यांची जाहिरात करता येत नाही व घर विकताही येत नाही.

२) एजंटाने स्वतःची नोंदणी केली पाहिजे. महाराष्ट्रात व्यक्तीसाठी तिचे शुल्क दहा हजार रुपये ठरविले गेले व मुदत पाच वर्षांची आहे. कायद्यात विशिष्ट पदवीची अट नाही.

३) नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील घर एजंटाने विकू नये, खोटी माहिती देऊ नये, स्वतःच्या व्यवहारांचे हिशेब ठेवावेत आणि ग्राहकाला हक्काची सर्व कागदपत्रे मिळवून द्यावीत. नियम मोडल्यास दर दिवशी दहा हजार रुपये, आणि एकूण त्या घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

४) किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी घेता येत नाही.

५) ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम बांधकाम व्यावसायिकाने वेगळ्या बँक खात्यात ठेवावयाची असते व ती त्या प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावरच खर्च करावयाची असते.

६) ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात मूलभूत दोष आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बांधकाम व्यावसायिकाची आहे.

महारेराने जानेवारी २०२३ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. एजंटांसाठी वीस तासांचे प्रशिक्षण, परीक्षा आणि सक्षमता प्रमाणपत्र आवश्यक केले. मुदत वाढवीत अखेर १ जानेवारी २०२४ पासून ही अट लागू झाली. बांधकाम व्यावसायिकाच्या कार्यालयात ग्राहकांशी थेट व्यवहार करणाऱ्या विक्री कर्मचाऱ्यांनाही प्रमाणपत्र लागू करण्यात आले. मे २०२४ मध्ये तर प्रमाणपत्र न मिळविलेल्या सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी महारेराने स्थगित केली.

विद्यार्थी मित्रांनी या घटनेकडे संधी म्हणून पाहावे. जोवर ओळखीपाळखीवर धंदा चालत होता, तोवर ज्याचे नातेवाईक जमीनदार किंवा कंत्राटदार त्याचीच चलती होती. आता अभ्यास करून मिळवावयाची पात्रता आली आहे. अभ्यास करण्यात आपली मुले कोणाला मागे सरणारी नाहीत.

"सगळे मिळून किती?"

साइटवर आलेला कामगार पुष्कळ प्रश्न विचारतो, पण त्याचा खरा प्रश्न एकच असतो : "साहेब, सगळे मिळून किती?" या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देणारा विक्रेता चांगला आणि अर्धे उत्तर देणारा वाईट, इतकी ही सोपी कसोटी आहे.

उदाहरणादाखल तीस लाख रुपये किमतीची, बांधकाम चालू असलेली सदनिका घेऊ. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतच्या घरकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त नव्वद टक्के रक्कम देऊ शकते. कर्ज तीस लाखांच्या वर व पंचाहत्तर लाखांपर्यंत असल्यास ही मर्यादा ऐंशी टक्के आहे. म्हणजे येथे कर्ज फार तर सत्तावीस लाख. उरलेले तीन लाख स्वतःचे. आता वरचा खर्च पाहा. मुद्रांक शुल्क सहा टक्के धरल्यास एक लाख ऐंशी हजार. नोंदणी शुल्क एक टक्का, पण जास्तीत जास्त तीस हजार. येथे तीस हजार. वस्तू व सेवा कर परवडणाऱ्या घराला एक टक्का, म्हणजे आणखी तीस हजार. नाशिकसारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट क्षेत्र व ४५ लाखांपर्यंत किंमत असलेले घर या सवलतीत बसते; अन्यथा हा कर पाच टक्के आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घर विकले गेल्यास तो लागत नाही.

बेरीज करा. तीन लाख, एक लाख ऐंशी हजार, तीस हजार आणि तीस हजार मिळून पाच लाख चाळीस हजार रुपये. एवढी रक्कम ग्राहकाच्या स्वतःच्या खिशात असावी लागते, कारण अशा घराच्या बाबतीत मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च बँक कर्जासाठी किमतीत धरीत नाही. सोसायटीचा देखभाल खर्च, वीजजोडणी वगैरे बाबी याहून निराळ्या. "तीन लाख भरा, बाकी बँक देईल" असे ज्याला सांगितले जाते, तो माणूस पुढे उरलेल्या दोन लाख चाळीस हजारांसाठी पतपेढी, सोने आणि सावकार यांच्या दारी फिरतो. काहींना तेही जमत नाही व बुकिंग मोडते. असे प्रसंग बँकेच्या खिडकीतून वरचेवर दिसतात.

येथे जाणकार विक्रेता ग्राहकाचा फायदाही करू शकतो. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून निवासी घर स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत ठेवण्यात आली. वरील उदाहरणात ही रक्कम तीस हजार रुपये होते, आणि घर वहिनींच्या नावावर होते ते निराळेच. प्रधानमंत्री आवास योजनेच्या सन २०२४ मध्ये सुरू झालेल्या शहरी टप्प्यात पात्र कुटुंबास व्याजाचे अनुदान पाच हप्त्यांत मिळून जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजारांपर्यंत ठेवले गेले. मात्र उत्पन्न, घराची किंमत आणि कुटुंबात कोणाच्याही नावे देशात कोठेही पक्के घर नसणे, या अटी आहेत. अनुदान मंजूर होण्यापूर्वी ते गृहीत धरून घर विकणे चुकीचे होय.

मासिक हप्त्याचाही अंदाज तोंडी सांगता आला पाहिजे. नऊ टक्के व्याज व वीस वर्षे मुदत धरल्यास प्रत्येक लाखाला सुमारे नऊशे रुपये हप्ता येतो. सत्तावीस लाखांना सुमारे चोवीस हजार तीनशे. वीस वर्षांत ही रक्कम अठ्ठावन्न लाखांवर जाते. ज्याच्या हाती पंचवीस हजार पगार पडतो व नोकरी कंत्राटी आहे, त्याला हे घर पेलणार नाही, हे विक्रेत्याने स्वतःहून सांगावे. "काका, दोन वर्षे थांबा, नाहीतर लहान घर पाहू," असे म्हणणारा विक्रेता त्या दिवशी तीस हजारांचा मोबदला गमावतो. परंतु तेच काका पुढे आपल्या मेव्हण्याला व शेजाऱ्याला त्याच्याकडेच पाठवितात.

कागद वाचण्याची सवय

बोलता येणे हे या व्यवसायाचे भांडवल आहे, असा सर्वत्र समज आहे. माझ्या मते खरे भांडवल कागद वाचता येणे हे होय. सातबारा उतारा, बिनशेती, वकिलाने दिलेला मालकीहक्काचा दाखला, महानगरपालिकेने मंजूर केलेला नकाशा, बांधकाम सुरू करण्याची परवानगी आणि शेवटी भोगवटा दाखला, हा क्रम समजून घ्यावा. प्रत्येक कागद काय सिद्ध करतो आणि काय सिद्ध करीत नाही, हे विचारून लिहून ठेवावे. बँकेने प्रकल्पाला कर्जमंजुरी दिली म्हणजे ताबा वेळेवर मिळेलच, असे नव्हे. हा फरक ग्राहकाला समजावून द्यावा लागतो.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, पूर्णत्वाची जाहीर तारीख, वाढवून घेतलेली मुदत व सदनिकांची माहिती पाहता येते. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही आवश्यक झाला. ग्राहकाच्याच मोबाइलवर तो उघडून दाखवावा. ताब्याची तारीख विक्रेत्याच्या तोंडची नसावी. नोंदणीत दिलेली असावी.

क्षेत्रफळाच्या बाबतीतही असेच. कायद्याप्रमाणे घर कार्पेट क्षेत्रावर विकावयाचे असते. आतील भिंती त्यात मोजल्या जातात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी व खुली गच्ची त्यात येत नाहीत. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. हा गुणाकार स्वतः करून ग्राहकाला खोलीची लांबी-रुंदी टेपने मोजून दाखविणारा मुलगा लोकांच्या लक्षात राहतो.

हप्त्यांचा क्रमही सांगता यावा. महाराष्ट्राच्या नियमांतील नमुना करारनाम्याप्रमाणे करारनाम्यानंतर एकूण तीस टक्क्यांपर्यंत, जोते पूर्ण झाल्यावर पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत व स्लॅब पूर्ण झाल्यावर सत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. खड्डा खणला आहे आणि निम्मे पैसे मागितले जात आहेत, हे यावरून चटकन लक्षात येते.

काय करू नये

पहिली गोष्ट, गुंठ्याने विकल्या जाणाऱ्या शेतजमिनीच्या व्यवहारात पडू नये. सातपूर-अंबड परिसरातील अनेक कुटुंबांनी आयुष्याची कमाई अशा तुकड्यांत घातली व पुढे सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घातले. दुसरी गोष्ट, म्हाडाच्या सोडतीतील घर "मिळवून देतो" म्हणून कोणाकडून एक रुपयाही घेऊ नये. आपण कोणताही दलाल नेमलेला नाही, असे म्हाडा वेळोवेळी जाहीर करीत आली आहे. तिसरी गोष्ट, ग्राहकाची रक्कम स्वतःच्या खात्यात घेऊ नये. ती प्रकल्पाच्या खात्यातच जावी व तिची पावती त्याच दिवशी मिळावी.

चौथी गोष्ट थोडी कडू आहे, पण सांगितली पाहिजे. आडनाव ऐकून "तो फ्लॅट कालच बुक झाला" असे सांगण्याचे प्रकार घडतात. ज्यांना हा अनुभव आला त्यांना तो जन्मभर विसरता येत नाही. विक्रीच्या टेबलामागे आपली शिकलेली मुले-मुली बसली, तर समोर येणारा कोणीही, कोणत्याही जातीधर्माचा असो, त्याला शिल्लक घरांची तीच यादी आणि तोच भाव मिळेल, हे पाहणे त्यांच्या हाती राहील. प्रतिष्ठित पदावर बसणे म्हणतात ते हेच, असे मला वाटते.

विद्यार्थ्यांनी तयारी कशी करावी

पदवीच्या शेवटच्या वर्षापासूनच सुरुवात करता येईल. कला, वाणिज्य, विज्ञान कोणतीही शाखा चालते. आयटीआयचा बांधकाम किंवा वीजतंत्रीचा विद्यार्थी असेल तर इमारतीचे प्रश्न त्याला अधिक समजतात. पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

१) आपल्या घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतील दहा प्रकल्पांची एक वही करावी. नोंदणी क्रमांक, कार्पेट क्षेत्र, भाव, ताब्याची तारीख, पाणी, बसथांबा, शाळा व दवाखाना यांची नोंद ठेवावी व दर तीन महिन्यांनी ती पुन्हा तपासावी.

२) क्रेडाई नाशिक मेट्रोच्या "शेल्टर"सारखे गृहप्रदर्शन भरले की तेथे जावे. चांगले आणि वाईट विक्रेते कसे बोलतात, हे तेथे एका दिवसात शिकावयास मिळते.

३) रेरा कायदा मुळातून वाचावा, निदान कलम ३ ते १९ तरी.

४) हप्ता, शुल्क व कराचा हिशेब कागदावर करण्याचा सराव करावा. मोबाइलवर आकडा कोणालाही काढता येतो. तो समजावून सांगण्यासाठी हिशेब स्वतःला कळलेला असावा लागतो.

५) मराठी शुद्ध व सोपी बोलावी, हिंदी बोलता यावी आणि इंग्रजी करारनामा वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगता यावा. ज्या कामगाराला इंग्रजी येत नाही, तोही या इंग्रजी कागदावर सही करीत असतो. त्याला प्रत्येक कलमाचा अर्थ सांगणे, ही या व्यवसायातील सर्वांत मोठी सेवा आहे.

६) नंतर प्रशिक्षण, परीक्षा आणि नोंदणी पूर्ण करून मगच पहिला व्यवहार करावा.

सभासदांनाही एक विनंती आहे. संस्थेच्या अभ्यासिकेत महिन्यातून एक रविवार "घर घेताना" या विषयासाठी ठेवता येईल. निवृत्त अभियंते, वकील, बँकेतील माणसे आपल्यातच आहेत. घर घेणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल आणि या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या मुलांचे शिक्षणही तेथेच होईल.

मित्रहो, इतर वस्तू विकून दुकानदार विसरून जातो. घराचे तसे नसते. ज्याला आपण घर विकले तो वीस वर्षे हप्ता भरतो आणि सातपूरच्या भाजीबाजारात, लग्नकार्यात, जयंतीच्या मिरवणुकीत आपल्याला पुन्हा पुन्हा भेटतो. तेव्हा त्याने मान वळवून जावे की थांबून चहाला बोलवावे, हे पहिल्या दिवशी "सगळे मिळून किती?" या प्रश्नाला आपण काय उत्तर दिले, यावर अवलंबून राहते. ते उत्तर खरे देण्याची तयारी ज्याची असेल, त्याने या व्यवसायात जरूर यावे.